बुराकांच्या झाडाला सुतक नसतं

वैनी, तुझ्या झाडाला सुतक नाही. भटजींनी तसं स्वच्छ सांगितलंय, तेव्हा त्या बाबतीत तू निर्धास्त राहा.

तू गेलीस त्या संध्याकाळी तुळशीला पाणी कोण घालणार हा प्रश्न निघाला. आपल्याला दहा दिवस शिवायचं नाही, म्हणून शेजारच्या मंदाने कळशी उचलली. तेवढ्यात मला आठवलं की आत जनेलापाशी, खिडकीजवळ, तुझं झाड उभं आहे आणि उद्या रविवार, म्हणजे त्याची पानं पुसायचा दिवस. मी भटजींना गाठून विचारलं. घरातलं माणूस गेलेलं, दारात चपलांचा ढीग, आणि ही बाई कुंडीतल्या झाडाला सुतक लागतं का ते विचारतेय. पण भटजी शांत गृहस्थ. ते आत आले, झाड खालून वर पाहिलं, एका पानाच्या भोकात बोट घालून बघितलं आणि मग चौकशी सुरू केली. याची पानं देवाला वाहतात का? नाही. फुलं? आजवर एकही आलेलं नाही. मग याचं काही खातात का? तेही नाही. "मागीर हाका सोयर ना आनी सुतक ना," असं म्हणून ते परत कदेलावर, आपल्या खुर्चीवर, जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी पानं पुसली. पुसताना रडू आवरेना. भेटायला आलेल्या बायका एकमेकींना खुणावत होत्या, थोरल्या जावेवर किती जीव हो हिचा. जीव होताच, ते खोटं नाही. पण त्या वेळी मी रडत होते ते वेगळ्या कारणासाठी. या झाडाबद्दलची एक गोष्ट मी तुझ्यापासून तीस वर्षं लपवली होती, आणि ती सांगायला आता तू कुठे सापडणार होतीस?

म्हणून लिहून सांगते. मराठीत लिहितेय हेही आधीच सांगते. तू नाक मुरडलेलं मला इथूनही दिसतंय.

मी लग्न होऊन धारगळहून डिचोलीला आले तेव्हा घरी शिकवलं होतं की थोरल्या जावेला अहो-जाहो करायचं. पहिल्याच आठवड्यात मी तुला "अहो वैनी" म्हणून हाक मारली, तर तू भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवलीस. मला म्हातारी करू नको, तूं म्हण, असं बजावलंस. तिथपासून तू. पण या सलगीचा एक तोटा झाला. अहो म्हणून माणसाला फारसं भांडता येत नाही. तू म्हटल्यावर मला रान मोकळं मिळालं.

झाड आलं ते पुढच्या वर्षी. तू असनोड्याच्या शाळेत शिकवायचीस आणि तिथल्या मारिया टीचरच्या परसातून तू ते आणलंस. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दांडा, त्याला दोन पानं, प्रत्येक पान सुपाएवढं आणि जागोजागी भोकं पडलेलं. बसमध्ये तू तो दांडा मांडीवर घेऊन बसली होतीस आणि कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, टीचर, हे कोणी खाल्लं? मीही तेच विचारलं. सासूबाई, आपल्या माई, त्यांनी तर विचारलंही नाही. त्यांनी सरळ निदान केलं. कीड लागलीय, परसात नेऊन जाळ, नाहीतर माझी मिरची जाईल.

तू सांगितलंस की याचं पान असंच असतं, याचं नाव मॉन्स्टेरा. माईंना ते नाव एखाद्या पाद्र्याचं वाटलं. घरात मग ते बुराकांचं झाड झालं. बुराक म्हणजे भोक, हे तुला सांगायला नको, पण माझं हे लिखाण कोणी घाटावरचं वाचलं तर म्हणून सांगते.

भोकांपेक्षा मोठा वाद पुढे होता. तू म्हणालीस, हे झाड घरात ठेवायचं. आम्ही दोघी, मी आणि माई, त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला आलो. गोव्यात राहायचं, बाहेर काठी रोवली तर तिला पालवी फुटते, आणि झाड घरात ठेवायचं? माझ्या माहेरी झाड म्हणजे माड, फणस, काजू. जे बाहेर उभं राहतं आणि वर्षातून एकदा तरी घरात काहीतरी देतं. घरात राहून नुसतं पाणी पिणारं आणि हवा खाणारं झाड म्हणजे घरजावईच की, असं मी बोलून गेले. तू शांतपणे रस्त्याकडे बोट दाखवलंस. खनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत जात होते. दारातल्या जास्वंदीची पानं लाल, कुंपण लाल, दोरीवरचे पांढरे पंचे लाल. हे झाड पानांतून श्वास घेतं, तू म्हणालीस, बाहेर ठेवलं तर गुदमरेल. माई म्हणाल्या, मग आम्ही काय शेपटीतून घेतो?

शेवटी माईंनी देवाला विचारायचं ठरवलं. त्या देवळात गेल्या आणि मूर्तीवर कळ्या लावून प्रसाद, म्हणजे कौल, घेतला. उजवी पडली तर झाड घरात, डावी पडली तर परसात. शेतीचे, लग्नाचे, आजाराचे प्रसाद देणाऱ्या देवापुढे कुंडी कुठे ठेवावी हा प्रश्न पहिल्यांदाच आला असणार. उजवी कळी पडली. माई घरी आल्या त्या तडक झाडाकडे गेल्या आणि म्हणाल्या, राव बाबा, राहा इथेच. त्या दिवसापासून झाडाला कोणी काही बोललं तर देवाला बोलल्यासारखं व्हायचं. मी एकटी पडले.

तुझे लाड मी रोज बघत होते. ऊन अंगावर नको, पण उजेड हवा, म्हणून ते उगवतीच्या जनेलापासून दोन हात आत. पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं, ओल लागली तर तांब्या परत ठेवायचा. काथ्या गुंडाळलेला एक खांब तू कुंडीत रोवलास आणि झाडाच्या लोंबणाऱ्या मुळ्या त्यात एक एक खोचत बसायचीस. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, म्हणजे झाड एकाच अंगाने वाढत नाही. आणि रविवारी पानं पुसणं, माझ्याच जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्याने, मला न विचारता. पुसताना तू त्याच्याशी बोलायचीस. शाळेत काय झालं, कोणाचं पोर नापास झालं, सगळं. मी आतून ऐकायची आणि मला वाटायचं, मी इथे जिवंत बसलेय, मला सांग की. ते मी कधी बोलले नाही. आज बोलते.

मग ते वर्ष आलं, गोव्याचं राज्य व्हायच्या आदलं. कोकणी की मराठी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला, देवळाच्या सभामंडपात दोन बाजूंना दोन गट बसू लागले. माझे वडील जन्मभर पोथी वाचत आलेले, भजनाला पेटी धरणारे. मी मराठीची. तू कोकणीची. पुरुष बाहेर भांडून यायचे आणि घरी मुकाट जेवायचे, आपण दोघींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. गंमत म्हणजे आपलं भांडण चालायचं कोकणीतूनच. मराठीची बाजू मी कोकणीत मांडायची, कारण राग आला की मला मराठी शब्द सापडत नसत. आणि तू कोकणीची बाजू मांडताना मध्येच एखादी अस्सल मराठी म्हण हाणायचीस आणि मग जीभ चावायचीस.

एकदा मी म्हटलं, भाषण पुरे, वाण्याची यादी कोकणीत लिहून दाखव, बघू तो काय देतो ते. तू पानभर यादी लिहिलीस. वाण्याने एकही वस्तू न चुकता सगळं सामान दिलं, वर सांगून पाठवलं की टीचरांचं अक्षर फार छान आहे. मी हरले. आणि हरल्यावर माणूस जे करतं ते मी केलं. तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि शपथ घेतली की यापुढे तू कोकणीत लिहिलेला एक शब्दही मी वाचणार नाही.

घर एक, चूल एक, न बोलता कसं चालणार? मग आपण झाडाशी बोलायला लागलो. तू त्याच्यासमोर उभी राहून म्हणायचीस, कोणाला हवं असेल तर ताक शिंक्यावर आहे. मी पलीकडून त्यालाच सांगायची, आणि मुद्दाम शुद्ध मराठीत, की चहा तयार झालेला आहे, ज्यांना प्राशन करायचा असेल त्यांनी यावे. एकदा माईंचं औषध संपलं तेव्हा तू झाडाला सांगितलंस, मी झाडाला "बरे" म्हटलं आणि औषध आणलं. माई म्हणायच्या, देवाने याला उगाच घरात ठेवलं नाही.

भर पावसात म्हापशाला तुझी आई पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तू महिनाभर तिच्याकडे राहायचं ठरलं. शाळा तिथूनच करणार होतीस. निघताना तू एका कागदाच्या दोन्ही अंगांना काहीतरी लिहिलंस, घडी केलीस, कुंडीखाली ठेवलीस आणि झाडाला म्हणालीस, "तुजें सगळें बरोवन दवरलां. वाचपी वाचतलो." तुझं सगळं लिहून ठेवलंय, वाचणारा वाचील. म्हणजे मी.

मी नाही वाचलं. कागद कोकणीत होता. अक्षर देवनागरी, शब्द माझ्याच जिभेवरचे, चहाला उकळी येईपर्यंत वाचून झाला असता. पण शपथ म्हणजे शपथ. आणि मला वाटलं, झाडाचं मला काय शिकवतेस? धारगळच्या आमच्या कुळागरात साठ माड आहेत.

माडाला आम्ही पावसाच्या तोंडावर आळं करून मीठ घालतो. मूठ मूठ खडेमीठ, आगरवाड्याच्या मिठागरातलं. आणि मासे धुतलेलं पाणी वर्षभर. माझ्या वडिलांचे माड बघायला लोक यायचे. तेव्हा मी तुझ्या झाडाला सढळ हाताने एक मूठ मीठ घातलं. राग म्हणून नाही, वैनी, हे तुला पटलं पाहिजे. मला वाटलं, तू येशील तेव्हा झाड दुप्पट झालेलं असेल आणि तुला झाडासमोर कबूल करावं लागेल. पावसात ताजे बांगडे नव्हते, म्हणून खारे बांगडे धुतलेलं पाणीही त्याच्याच नशिबी आलं. चौथ्या दिवशी पानांची टोकं करपली. मला वाटलं, कमी पडलं. मी आणखी घातलं. दोन्ही वेळा मांजर कुंडीत चढून बसलेलं असायचं, तेवढं एक मात्र खूश होतं.

पंधराव्या दिवशी झाड गेलं. बुंधा काळा पडला आणि बोट लावताच आत दबला. घरातल्या पुरुषांना याचा पत्ता नव्हता. मोठ्या भाऊजींनी, तुझ्या नवऱ्याने, त्या वाळक्या दांड्यावर आपली ओली छत्री सुकायला टांगली. माई तेवढ्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाचें झाड मारलें गो तुवें." मी त्यांना शपथ घातली की वैनीला सांगायचं नाही.

मग मी कागद उघडला. पहिली ओळ होती, "सुलू, हाका मीठ घालूं नाका." दुसरी होती, खाऱ्या बांगड्यांचं पाणीही नको. पुढे पाण्याचं, उजेडाचं, कुंडी फिरवायचं सगळं. आणि अगदी शेवटी, पानां पुसतना ताचेकडेन उलय, कोणाकडेन तरी उलय. त्याच्याशी बोल, कोणाशी तरी बोल.

रविवारी, तू शाळेत नसणार म्हणून, मी असनोड्याची बस धरली. मारिया टीचरच्या परसातलं मूळ झाड फणसावर चढलेलं होतं. सुपासारखी पानं सगळी वर, हाताला लागणाऱ्या खालच्या फुटव्यांची पानं तळहाताएवढी आणि सबंध. एकही भोक नाही. तिने म्हटलं, उंच गेल्यावर पडतात बुराक, घाई करू नको. मी तिला सगळं सांगितलं आणि वचन घेतलं. तिने छातीवर खूण करून वचन दिलं, वर दोन उंडे, पाव, बांधून दिले. घरी येऊन मी कुंडी सात पाण्यांनी धुतली, नवी माती आणि नदीची रेती भरली आणि तिने दिलेला दोन पानांचा फुटवा लावला. दांडा हलवला तर डुगडुगायचा. मुळं धरायला वेळ लागणार होता आणि तू आठ दिवसांत यायची होतीस.

आणि तू आली नाहीस. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराहून येताना भाऊजी निरोप घेऊन आले की आईला अजून बरं नाही, आणखी वीस दिवस लागतील.

माणसाचं मन किती सोयीचं असतं बघ. सकाळी त्या फुटव्याला पाणी घालताना मी देवाचे आभार मानायची की वैनी आली नाही. आणि दुपारपासून तुझ्या नावाने बोटं मोडायची. कारण गणपतीची चवथ जवळ येत चालली होती. भिंती सारवायच्या, नेवऱ्या, म्हणजे घाटावरच्या करंज्या, चकल्या, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं फळापानांचं सामान, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. असनोड्यापर्यंत रोज येते आणि घरी यायला हिला बस मिळत नाही, असं मी मंदाला सांगितलं. मंदाने सगळ्या वाड्याला, आळीभर, सांगितलं. धारगळला आईलाही मी कळवलं की आमची थोरली आईचं निमित्त करून माहेरी सुखात बसलीय.

एकीकडे दांडा घट्ट झाला. एक नवं पान आलं, तेही सबंध. मग मला जे सुचलं ते ऐकून तू हसशील. नखं कापायची कात्री घेऊन मी त्या तीन पानांना भोकं पाडली. पहिल्या पानाला पाडताना हात चुकला आणि मधोमध रुपयाएवढा बुराक झाला. दुसरं मी दुमडून कापलं, लहानपणी कागदाची नक्षी कापायचो तसं, तर उलगडल्यावर दोन्ही अंगांना हुबेहूब सारखी भोकं. तिसरं जरा जमलं. दोन दिवसांत सगळ्या भोकांच्या कडा तपकिरी पडल्या. गोगलगाय आणि शिंपी यांनी मिळून ते झाड केलं असावं असं दिसत होतं.

चवथीच्या आठ दिवस आधी तू आलीस. पिशवी खाली न ठेवता झाडासमोर उभी राहिलीस. मी भाषण पाठ केलं होतं. अतिवृष्टीमुळे जुनी पानं कुजली आणि खालून नवीन फुटवा आला, असं काहीतरी. तू त्या नक्षीच्या पानाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलंस. खोकल्याची ढास यावी तसा तुझा खांदा हलला. मग माझ्याकडे बघून, झाडाकडे नव्हे, म्हणालीस, "सुलू, बुराक बरे पडल्यात गो."

पाच महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस. मला वाटलं, फसली. सुटले. आणि सुटल्याबरोबर माझी जीभ सुटली. तू पदर खोचून नेवऱ्या करायला बसलीस तर मी म्हटलं, नेवऱ्या झाल्यात, पाहुण्यांनी आता नुसत्या खायच्या. तू उठून जनेलापाशी गेलीस.

पुढे कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही कायद्यात जागा मिळाली, मागोमाग गोव्याचं राज्य झालं. ज्या दिवशी त्या कायद्याची बातमी आली त्या दिवशी आपला गॅस संपला होता, त्यामुळे घरात कोण जिंकलं याची नीट चर्चा झाली नाही. आपण पुन्हा बोलू लागलो ते कायमचे. पण झाडाची भानगड चालूच राहिली. वर्षभरात त्याला खरे बुराक पडले, मग ते खांब चढलं, जनेलाच्या वर गेलं, वाशाला टेकलं. लाटंबार्शापासून लोक फुटवा मागायला यायचे. काळजी कशी घ्यायची ते मी कागदाच्या एका अंगाला मराठीत लिहायची, तू दुसऱ्या अंगाला कोकणीत. माझ्या अंगाला पहिली ओळ कायम मिठाची. तू ती वाचून कागद उलटा करायचीस.

आणि भांडणं थोडीच थांबली? टीव्हीवरून, सुनांवरून, नारळ कोणी किती घातला यावरून. तुझ्याकडे प्रत्येकाला उत्तर असायचं. शिक्षिका शेवटी. माझ्याकडे मात्र एक हुकमाचं पान होतं. हरायची वेळ आली की मी म्हणायची, आईचं निमित्त करून चवथीच्या तोंडावर माहेरी बसलीस ती तू, मला काय शिकवतेस? ते ऐकलं की तू गप्प व्हायचीस. पाहुण्यांसमोर म्हटलं मी ते. तुझ्या लेकीच्या लग्नात म्हटलं. तू दरवेळी उठून झाडाकडे जायचीस आणि त्याची मुळी खोचत उभी राहायचीस. मला वाटायचं, हिला वर्मी लागलं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आले होते की आज सांगायचंच. तुझा हात हातात घेतला आणि म्हटलं, वैनी, त्या पावसात तू म्हापशाला होतीस तेव्हा... तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "झाडाक उदक घातलें?" मी म्हटलं, बोट घालून बघितलं, ओल आहे. तू मान हलवलीस आणि परत डोळे मिटलेस. मग नर्स आली आणि माझं राहिलं ते राहिलंच.

बाराव्याला मारिया टीचर आली. आता काठी लागते तिला. जेवण झाल्यावर ती झाडासमोर बसून राहिली आणि मी तिच्याजवळ बसले. माझ्या गुन्ह्यात सामील असलेलं तेवढंच एक माणूस उरलं होतं. मी म्हटलं, टीचर, मी वैनीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गृहपाठ न केलेल्या पोरीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"सोमारा सकाळींच सांगिल्लें हांवें तिका," ती म्हणाली. "हांसून हांसून तिच्या दोळ्यांतल्यान उदक आयलें."

म्हणजे मी फुटवा नेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, हिने तुला सगळं सांगितलं होतं. वचन दिलं होतंस, मी म्हटलं. ती म्हणाली, दिलं होतं आणि ते मोडल्याचं पाद्र्याला कबूलही केलं. तुझी आई तेव्हाच काठी घेऊन घरात चालायला लागली होती, तिने सांगितलं. मारियानेच तुला म्हटलं होतं, चवथ आलीय, जा आता घरी.

"तर म्हणपाक लागली, आतां गेल्यार सुलू लजेन मरतली. मुळां येवंदीत, मागीर वतां."

आता गेले तर सुलू लाजेने मरेल, मुळं येऊ देत, मग जाते. मारियाला चहा हवा होता, तो मी केला. तिला बसपर्यंत सोडून आले. आणि परत येऊन इथे बसलेय.

वीस दिवस, वैनी. नेवऱ्यांचं सारण दुसऱ्या कोणाच्या हाताने ढवळलेलं तुला चालत नसे, आणि तू म्हापशात बसून राहिलीस, माझा एक दांडा मातीत घट्ट व्हावा म्हणून. मी तुला वाड्यात बदनाम करत होते तेव्हा तुला ते कळत असणार, भाऊजी दर शुक्रवारी येतच होते. आणि त्यानंतर तीस वर्षं मी तेच तुझ्या तोंडावर मारत आले. एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकली असतीस. तुझ्या लेकीच्या लग्नात, सगळ्यांसमोर. तू उठून जायचीस ते वर्मी लागलं म्हणून नव्हे, ते वाक्य तोंडातून निसटू नये म्हणून, हे मला आज कळतंय.

मी चुकले, वैनी. झाडाचं चुकले ते वेगळं, त्याची तू तेव्हाच माफी दिलीस. मी माहेरचं बोलले ते चुकले. हे मी मंदाला सांगणार आहे, तुझ्या लेकीला सांगणार आहे, धारगळला जाऊन सांगणार आहे.

पण एक तक्रार माझीही आहे आणि ती मी सोडणार नाही. एकदा तरी मला सांगायचं होतंस. मी रागावले असते, रडले असते, चार दिवस तुझ्या हातचा चहा घेतला नसता. पाचव्या दिवशी आपण दोघी त्या कात्रीवरून पोट धरून हसलो असतो. ते हसणं तू मारियाबरोबर हसून घेतलंस. मला त्यात घ्यायला हवं होतंस.